आधी छप्पर, मग भिंत

मार्च सरत आला की ट्रॉम्बेत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो: घर थंड ठेवायचे कसे? एसी घ्यावा तर विजेचे बिल झेपेल का, आणि भिंतींना उष्णतारोधक थर लावून घेतला तर एसीवाचून भागेल का? थंड देशांत घराच्या भिंतींत लोकरीसारखा पदार्थ भरून घेतात आणि त्याने इंधनाचा खर्च बराच उतरतो, ही माहिती आता घरोघरी पोचली आहे. थर्मोकोल, फोम, ग्लासवूल आणि ‘हीटप्रूफ’ रंग विकणारेही कमी नाहीत. एखाद्या कुटुंबाची वर्षभराची बचत अशा कामात एका झटक्यात संपू शकते, म्हणून हा निर्णय जाहिरातीवर न सोडता हिशेबावर घ्यायला हवा. तो हिशेब मांडला तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळते. ट्रॉम्बेच्या हवेत उष्णतारोधनाचा पहिला पैसा छपरावर खर्च व्हावा, दुसरा खिडक्यांच्या सावलीवर आणि तिसरा पश्चिमेच्या भिंतीवर. बांधून झालेल्या घराच्या सगळ्या भिंती भरून घेण्याचे काम या यादीत शेवटी येते, आणि बहुतेक घरांना ते करावेच लागत नाही.

भिंत भरण्याची पद्धत मुळात कुठे आणि का रुजली, हे आधी पाहू. ब्रिटनमध्ये १९२०च्या दशकापासून दुहेरी भिंतींची घरे मोठ्या प्रमाणावर बांधली जाऊ लागली. विटांच्या दोन समांतर भिंती आणि त्यांच्यामध्ये साधारण ५० मिलिमीटर किंवा थोडी जास्त मोकळी जागा, अशी ती रचना असते. ही पोकळी ठेवली गेली ती मुख्यतः पावसासाठी. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस बाहेरच्या भिंतीत मुरला, तरी पाणी पोकळीतून खाली उतरते आणि आतली भिंत कोरडी राहते. पुढे इंधन महागले तेव्हा याच पोकळीत बाहेरून भोके पाडून खनिज लोकर किंवा फेसाचे मणी भरायला सुरुवात झाली. तिथे हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि घरात २० अंश तापमान असते, म्हणजे भिंतीच्या दोन बाजूंमध्ये १५ अंशांचा फरक पडतो, आणि तो रात्रंदिवस, कित्येक महिने टिकतो. भिंतीतून वाहणारी उष्णता या फरकाच्या प्रमाणात असल्याने तिथे भिंत भरणे फायद्याचे ठरले. तरीही ज्या भागांत वाऱ्याचा पाऊस जोराने भिंतीवर आदळतो, तिथल्या काही घरांत भरलेल्या पदार्थातून ओल आत आली आणि ते भरण पुन्हा उपसून काढावे लागले. ही पद्धत जिथे जन्मली तिथेही ती प्रत्येक भिंतीला मानवत नाही, याची नोंद पावसाळी किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण घेतली पाहिजे.

आता ट्रॉम्बेचा हिशेब. हे पूर्वी मुंबईच्या पूर्वेचे स्वतंत्र बेट होते. आजही त्याच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, पश्चिमेला माहुलची, आणि भोवती खारफुटी. पाण्याच्या शेजारामुळे इथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फार अंतर पडत नाही. मुंबईत मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंश आणि किमान २७ अंशांच्या आसपास असते. नागपुरात त्याच महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाऊन रात्री २८ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे नागपूरची भिंत रोज १४-१५ अंशांची चढउतार सोसते आणि मुंबईची जेमतेम सहा-सात अंशांची. ज्या घरात एसी नाही, तिथे आतली आणि बाहेरची हवा जवळपास सारख्याच तापमानाची असते. सावलीतल्या भिंतीच्या दोन बाजूंत फरकच नसेल, तर तिच्यात काहीही भरले तरी अडवायला फारशी उष्णता उरत नाही. एसी २६ अंशांवर चालू असला आणि बाहेर ३२ अंश असले, तरी फरक सहा अंशांचाच होतो आणि तोही एसी चालू असेल तेवढे तास. ब्रिटनमधल्या भिंतीवर वर्षाकाठी जेवढा लाभ होतो, तेवढा इथे का होत नाही, याचे कारण हे आहे.

आपल्याकडच्या जुन्या बांधकामांत हा भेद स्पष्ट दिसतो. खानदेश, मराठवाडा आणि विदर्भात धाब्याची घरे बांधली गेली: जाड मातीच्या भिंती, वर मातीचेच जाड धाबे, खिडक्या लहान. कोरड्या हवेत दिवसाची आग त्या जाडीत मुरते आणि आत पोचेपर्यंत बाहेरची रात्र थंड झालेली असते. कोकणात मात्र सगळी कल्पकता छपरात आणि पडवीत उतरली. उतरती कौले, कौलांच्या फटींतून निसटणारी गरम हवा, खोलीच्या वर माळा आणि भिंतीला ऊन-पाऊस लागू नये म्हणून पुढे काढलेली वळचण. वाळ्याचे पडदे आणि डेझर्ट कूलरही नागपुरात काम करतात आणि ट्रॉम्बेत नाही, कारण इथली हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. भारतीय हवामान विभागसुद्धा उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंशांचा आणि किनारपट्टीसाठी ३७ अंशांचा निकष लावतो. दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीराचा दाह कमी पाऱ्यावरच सुरू होतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरासाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: ऊन अडवणे आणि वारा खेळता ठेवणे.

ऊन कुठे पडते, हे अक्षांशावरून कळते. ट्रॉम्बे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुलैतला सूर्य ढगांमागे असतो, पण एप्रिल-मेचा सूर्य मोकळ्या आकाशातून थेट गच्चीवर येतो आणि दर चौरस मीटरवर सुमारे ९०० वॅट ऊर्जा ओततो. त्याच वेळी चारही भिंतींना तो चाटून जातो. दक्षिणेच्या भिंतीला भर उन्हाळ्यात थेट ऊन फारसे लागतच नाही. तिला ते मिळते हिवाळ्यात, जेव्हा भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो आणि त्याचा त्रास नसतो. पूर्वेची भिंत सकाळी तापते, पण तेव्हा हवा तुलनेने थंड असते. पश्चिमेची भिंत मात्र दुपारी दोननंतर, दिवस तापलेला असतानाच, तिरप्या उन्हाला समोरासमोर भिडते. म्हणून घराच्या सहा पृष्ठभागांत पहिला गुन्हेगार छप्पर, दुसरी पश्चिमेची बाजू, आणि बाकीच्यांचा वाटा थोडा.

वरच्या मजल्यावरच्या ३०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटरच्या खोल्यांचे उदाहरण घेऊ. साध्या काँक्रीट स्लॅबच्या दोन बाजूंत एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमधून अंदाजे साडेतीन वॅट उष्णता वाहते. ऊन आणि हवा मिळून दुपारी स्लॅबला ५५ अंशांइतका ताप जाणवत असेल आणि खाली खोलीत ३३ अंश असतील, तर छपरातून दोन हजार वॅटहून अधिक उष्णता आत येते. भर मेमध्ये खोलीत दोन किलोवॅटचा हीटर लावून ठेवण्यासारखेच हे झाले. स्लॅबच्या जाडीमुळे ती काही तास उशिरा पोचते, म्हणूनच वरच्या मजल्यावर संध्याकाळी आणि रात्री सगळ्यात जास्त उकडते. तापलेले छत वरून अंगावर उष्णता फेकत राहते आणि पंखा तिथलीच गरम हवा खाली ढकलतो. याच स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा चांगला फोम बसवला, तर ही आवक जवळपास एक-सप्तमांशावर येते. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिने छपरातून वाहणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट अशी स्वतंत्र मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब या मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो.

प्रत्येकाला फोम बसवणे शक्य नसते, आणि नेहमी त्याची गरजही नसते. सगळ्यात स्वस्त उपाय पांढऱ्या रंगाचा. करडा, शेवाळलेला स्लॅब बहुतेक ऊन शोषून घेतो. ताजा पांढरा परावर्तक रंग किंवा नुसता चुना त्यातला मोठा वाटा परत फेकतो आणि पृष्ठभागाचे दुपारचे तापमान १० ते १५ अंशांनी उतरू शकते. मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवलेले दिसतात, त्यातही हाच फायदा आहे. मात्र पावसाळ्यानंतर शेवाळ आणि धूळ साचून हा गुण घटतो, म्हणून दर उन्हाळ्यापूर्वी गच्ची घासून घेतली पाहिजे. गच्चीवर बाजू मोकळ्या ठेवून पत्र्याची शेड उभारली, तर ऊन पत्र्यावर अडते आणि मधली गरम हवा वाऱ्याने निघून जाते. त्यासाठी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. १९७६ साली जनता कॉलनीतून हलवलेल्या कुटुंबांसाठी वसवलेला चीता कॅम्प, पायलीपाडा किंवा कोळीवाडा इथल्या पत्र्याच्या घरांत तर छपराचे महत्त्व आणखी वाढते. अशा घरांच्या दोन-तीन भिंती शेजाऱ्यांशी सामायिक असतात. ऊन झेलणारा पृष्ठभाग काय तो पत्राच. त्यावर बाहेरून पांढरा रंग, आतून थोडे अंतर सोडून ताणलेली चकचकीत ॲल्युमिनियम फॉइलची शीट, आणि पत्र्याच्या टोकाशी गरम हवा बाहेर जायला जाळीची फट, एवढे केले तरी खोलीत राहणे सुसह्य होते. फॉइल पत्र्याला चिकटवून बसवली तर तिचा गुण जातो. तिच्या आणि पत्र्याच्या मधली हवाच काम करते.

इमारतीच्या मधल्या मजल्यावर राहणाऱ्यांना छपराची चिंता नसते. त्यांच्या घरात उष्णता शिरते ती मुख्यतः काचेतून. पश्चिमेला १० चौरस मीटरची विटांची भिंत आणि तिच्यात दीड चौरस मीटरची साधी काच आहे असे धरा. नऊ इंची भिंत दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे दोन वॅट उष्णता आत सोडते. उन्हाने बाहेरचा ताप आतल्यापेक्षा १५ अंशांनी वाढला, तर संपूर्ण भिंतीतून ३०० वॅट येतील. त्याच उन्हात काचेतून मात्र ६०० वॅट सरळ आत येतात. म्हणजे भिंतीच्या सातव्या हिश्श्याएवढी काच भिंतीच्या दुप्पट उष्णता आणते. हजारो रुपये खर्चून भिंत भरली आणि खिडकी तशीच उघडी ठेवली, तर मोठे दार सताड उघडे टाकून फट बुजवल्यासारखे होईल. आतल्या पडद्याचाही उपयोग मर्यादित, कारण ऊन काचेच्या आत आलेले असते आणि पडदा तापून ती उष्णता खोलीतच सोडतो. सावली काचेच्या बाहेर हवी: पुरेसा पुढे आलेला छज्जा, बाहेरून सोडलेला चिकाचा पडदा, बांबूची चटई, लोखंडी जाळीवर चढवलेला वेल. इको-निवास संहितेने उष्ण-दमट प्रदेशासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे असे सांगितले आहे. सर्व हवामान विभागांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. आपल्या हवेत वाऱ्याचे मोल किती, हे त्यावरून कळावे.

राहिली भिंत. मुंबईच्या बहुतेक इमारतींत काँक्रीटचा सांगाडा आणि मध्ये विटांची किंवा ब्लॉकची एकेरी भिंत असते. भरायला पोकळीच नसल्याने थर आतून किंवा बाहेरून लावावा लागतो, आणि दोन्हींत जोखीम आहे. इथे ओलीचा विचार निर्णायक ठरतो. हवा ३२ अंशांची आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर जवळपास २६ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. १ जानेवारी २०२० पासून खोलीचे एसी २४ अंश या मूळ सेटिंगवर येतात. म्हणजे एसीच्या खोलीत आतून ग्लासवूल आणि जिप्समचा बोर्ड लावला, तर भिंतीतून आणि फटींतून शिरणारी दमट हवा बोर्डाच्या थंड पाठीला भेटते आणि तिथे पाणी धरते. थंड देशांत बाष्प घरातून बाहेर जाऊ पाहते, आपल्याकडे ते बाहेरून आत येऊ पाहते. तिथली पद्धत जशीच्या तशी उचलली तर बाष्परोधक पापुद्रा चुकीच्या बाजूला बसतो. मग रंगाचे पोपडे, काळी बुरशी आणि कुबट वास. त्यात चार महिन्यांचा मुंबईचा पाऊस आणि खारा वारा धरला, तर भिंतीमागे दडलेली गळती लोखंडाला गंज चढवूनच बाहेर दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पश्चिमेची भिंत रात्री हात लावला तरी गरम लागते, तिला कसे विसरायचे? विसरायचे नाहीच. पण तिचे ऊन बाहेरच्या बाहेर अडवणे हा तिच्यावरचा चांगला उपाय आहे: फिकट रंग, सावली, वेल, आणि इमारतीचे बाहेरचे प्लास्टर नव्याने करायचेच असेल तर त्यावेळी बाहेरून उष्णतारोधक थर. बाहेरच्या थरामुळे भिंत तापतच नाही आणि ओलीचा धोकाही कमी राहतो. मात्र अशा कामात जळाऊ फोम वापरू नये. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत बाहेरच्या जळाऊ आवरणावरून ज्वाळा वर चढल्या आणि ७२ माणसे गेली. उघडा थर्मोकोल घरातल्या छताला चिकटवणेही याच कारणासाठी टाळावे.

दुसरा आक्षेप एसी वापरणाऱ्यांचा: भिंत भरली तर बिल उतरेलच ना? थोडे उतरेल. पण दमट हवेत एसीच्या कामाचा मोठा भाग हवेतले बाष्प काढण्यात जातो, आणि दाराखिडक्यांच्या फटींतून येणारी हवा ते बाष्प पुन्हा भरत राहते. त्यावर भिंतीतल्या लोकरीचा काही परिणाम होत नाही. रबराच्या पट्ट्या लावून फटी बुजवणे, काचेवर बाहेरून सावली करणे आणि एसी २४ ऐवजी २६ अंशांवर ठेवून पंखा लावणे, यांतून कमी खर्चात अधिक मिळते. उलट ज्या घरात एसी नाही, तिथे भिंती आणि खिडक्या बंद करून घेतल्या तर चुलीची, माणसांची आणि उपकरणांची उष्णता आतच कोंडते.

तिसरा आक्षेप या भागातल्या लोकांचा आहे आणि तो गंभीर आहे. एका बाजूला माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या बाजूला देवनारचे डम्पिंग ग्राउंड. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या आगीचा धूर शहरभर पसरला होता. अशा ठिकाणी खिडक्या उघड्या ठेवा, हा सल्ला सोपा नाही. डासांचा उपद्रव वेगळाच. डासांसाठी जाळी आणि हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असेल त्या वेळी खिडक्या उघडणे, एवढे करता येते. पण खिडक्या बंद ठेवाव्या लागणाऱ्या घराला छपराची आणि सावलीची गरज दुप्पट असते, कारण हे दोन उपाय खिडकी बंद असतानाही काम करतात. स्वच्छ हवेची मागणी मात्र नागरिकांनी सोडू नये. वारा घेता येणे हाही घराच्या हक्काचाच भाग आहे.

चौथा आक्षेप भविष्याचा: तापमान वाढत जाणार आहे, मग आजच भिंतींची तजवीज का करू नये? नव्या बांधकामासाठी हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. भिंत उभी राहत असतानाच साध्या विटेऐवजी २०० मिलिमीटरचे एएसी (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक वापरले, तर उष्णतेची आवक नऊ इंची विटेच्या निम्म्याहूनही खाली येते आणि वजनही घटते. लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केलेली रॅट-ट्रॅप पद्धत विटा उभ्या रचून भिंतीतच पोकळी ठेवते आणि सुमारे एक चतुर्थांश विटा वाचवते. ट्रॉम्बे-मानखुर्द पट्ट्यात पुनर्विकास होईल तेव्हा रहिवाशांनी लिफ्ट आणि पार्किंगइतकाच आग्रह छपराच्या थराचा, छज्ज्यांचा आणि समोरासमोरच्या खिडक्यांचा धरावा. बांधतानाची अशी तरतूद नंतरच्या दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. आज उभ्या असलेल्या घराला मात्र हा युक्तिवाद लागू होत नाही; तिथे प्रत्येक रुपयाने सर्वात जास्त उष्णता कुठे अडेल, हेच पाहावे लागते.

गच्चीच्या बाबतीत एक अडचण माणसांची आहे. ताप सोसतो तो वरच्या मजल्यावरचा रहिवासी, पण गच्ची सोसायटीची असते. म्हणून हा विषय सर्वसाधारण सभेत वॉटरप्रूफिंगच्या जोडीने मांडावा. गळणाऱ्या स्लॅबवर फोम घातला तर गळती झाकली जाते, मिटत नाही. तेव्हा आधी गळती, मग थर, वर पांढरा पृष्ठभाग, हा क्रम पाळावा. जुन्या स्लॅबवर कोब्याचा जड थर चढवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला वजन विचारून घ्यावे. फोम मात्र हलका असतो, आणि तो स्लॅबच्या वर बसवला तर स्लॅब तापणे-आकसणे कमी होऊन भेगाही कमी पडतात. स्लॅब थंड राहिला तर इमारतीचे आयुष्य वाढते, हा फायदा तळमजल्यावरच्यालाही मिळतो, आणि सभेत मत मागताना तोच पुढे ठेवावा.

तेव्हा ट्रॉम्बेत घराच्या भिंती भरून घ्याव्यात का, याचे उत्तर असे: तुमच्या डोक्यावर छप्पर उघडे असेल, तर भिंतीला हात लावू नका, यंदाच्या पावसाळ्यानंतर गळती दुरुस्त करा आणि फेब्रुवारीच्या आत गच्ची किंवा पत्रा पांढरा करून घ्या, जमल्यास स्लॅबवर किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या. मधल्या मजल्यावर असाल, तर पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली द्या. त्यानंतरही एखादी भिंत तापत असेल, तर तिचा विचार बाहेरच्या प्लास्टरच्या वेळी करा. आणि कोणी कंत्राटदार सगळ्या भिंती आतून भरून देतो म्हणून आला, तर त्याला आधी विचारा, की बाष्प कोणत्या बाजूने येणार आणि ते कुठून बाहेर पडणार. त्याला उत्तर देता आले नाही, तर ते काम त्याच्याकडून करून घेऊ नका.